कोपरा कापलेला चंद्र

१४ जून

मामा,

चार महिन्यांनी पत्र लिहिते आहे आणि तेही कामासाठी. पहिल्या दोन ओळींत तुम्ही हे ओळखणारच, म्हणून मीच सांगून मोकळी होते.

तुमचे मित्र छापखानेवाले काका मागच्या आठवड्यात आमच्या हॉस्पिटलात आले. छापखान्याच्या जिन्यावरून पडून पाय मोडून घेतला त्यांनी. एक्स-रे मीच काढला. टेबलावर आडवे झाल्या झाल्या मला म्हणाले, "तू त्या खडूसाची भाची ना गं?" मी म्हटलं, हो, हलू नका. तरी बोलतच होते. त्यांना पुढच्या वर्षाच्या कॅलेंडरवर चंद्राचे बारा फोटो हवेत. पातळ कोरीपासून पूर्ण चंद्रापर्यंत आणि तिथून परत कोरीपर्यंत. दरवर्षी तो पेंटरने रंगवलेला, नाकडोळे असलेला चंद्र छापून ते विटलेत. मी तिथल्या तिथे म्हटलं, मी काढते. तर म्हणाले, "काढ की. पण तुझ्या मामाने प्रत्येक फोटोच्या मागे सही केली तरच छापीन. मला फोटोतलं ओ की ठो कळत नाही, त्याला कळतं."

म्हणजे तुमची सही हवी आहे. मुदत सप्टेंबरअखेर.

प्रत्येक फोटोखाली माझं नाव येणार आहे, मामा. तुमच्याकडे सहा वर्षं फोटो काढले, त्यावर स्टुडिओचा शिक्का असायचा. इथे नऊ वर्षं लोकांची हाडं काढते आहे, त्यावर पेशंटचं नाव असतं. हे कॅलेंडर घरोघरी टांगलं गेलं, तर नोकरी सोडून स्वतःचं दुकान मांडायची हिंमत मला होईल. माझं सगळं त्यावर अडलंय, हे लपवत नाही.

परवाच्या पौर्णिमेचा फोटो सोबत ठेवला आहे. लाइटमीटरने सांगितलं तेवढं, म्हणजे बरोबर दोन सेकंदांचं एक्स्पोजर दिलं आहे. मामीला नमस्कार.

तुमची भाची

२१ जून

घाईबाई,

पाकीट उघडलं, आत पांढरं बटण निघालं. मामीला म्हटलं, शर्टाचं तुटलेलं पोरीने शोधून पाठवलं बघ. मग मागे वाचलं, तर तो चंद्र होता म्हणे.

काय दिवे लावलेस! मीटरने सांगितलं म्हणून दोन सेकंद! अगं, मीटर बिचारं काय करणार? त्याच्यासमोर एवढं थोरलं काळं आभाळ आणि मधे एक चिमूटभर उजेड. त्याला वाटलं, अंधार गुडुप आहे, द्या भरपूर एक्स्पोजर. त्याला अक्कल नाही हे मान्य. तुला होती असा माझा समज होता. सहा वर्षं माझ्या डार्करूममध्ये तू काय झाडू मारत होतीस?

नीट ऐक, पुन्हा सांगणार नाही. रात्र तुझ्या गच्चीवर आहे, चंद्रावर नाही. तिथे या घटकेला कडक ऊन पडलंय. चंद्र म्हणजे उन्हात पडलेला दगड. उन्हातल्या दगडाचा फोटो काढताना शटर दोन सेकंद उघडा टाकून चहा प्यायला जातेस का? शंभरची फिल्म, अकराचं छिद्र, सव्वाशेचा शटर. म्हणजे शटर सेकंदाचा सव्वाशेवा भाग उघडा, संपलं. अर्ध्या चंद्रावर ऊन तिरपं पडतं, तिथे छिद्र आठवर आण. कोर असेल तर आणखी एक पायरी मोठं कर. आणि दोन सेकंदांत चंद्र पुढे सरकतो, ही गोष्ट शाळेतल्या पोरांनाही ठाऊक असते. तुझं बटण म्हणूनच लांबुळकं आलंय.

उजवा वरचा कोपरा कापून परत पाठवतोय. या दुकानाची रीत तू विसरली असशील तर सांगतो: कोपरा कापला की तो फोटो मेला. गिऱ्हाईक पाया पडलं तरी तो कुणाला द्यायचा नाही, कुठे दाखवायचा नाही. चाळीस वर्षांत मी कापलेला कोपरा चुकला असं एकदाही झालेलं नाही.

छापखानेवाल्याला फोटोतलं कळत नाही हे त्याने कबूल केलं, ते वाचून बरं वाटलं. जन्मात पहिल्यांदा खरं बोलला. मामी म्हणते, "छान गोल आलाय की!" तिला काय कळतंय?

मामा

१५ जुलै

मामा,

हरले. तुमचंच बरोबर होतं आणि मी गाढव. उन्हात पडलेला दगड, हे एकदा डोक्यात शिरलं आणि सगळं सोपं झालं. नऊ वर्षं मशीनवर आकडे लावून हाडं काढल्यावर माणूस मीटरचा गुलाम होतो, दुसरं काय.

आमच्या बिल्डिंगच्या गच्चीवर पाण्याच्या टाकीला टेकवून ट्रायपॉड उभा केला. कापडं वाळत घालायच्या दोऱ्या आधी सोडल्या, त्यावरून खालच्या बाईंचं आणि माझं वाजलं. पण त्या रात्री आभाळ धुतल्यासारखं होतं. शंभरची फिल्म, अकराचं छिद्र, सव्वाशेचा शटर. हाताचा धक्का नको म्हणून केबलने शटर सोडला. आमच्या डार्करूममध्ये ड्यूटी संपल्यावर मीच प्रिंट काढला. ट्रेमध्ये हळूहळू चंद्र वर यायला लागला तेव्हा, खरं सांगते, मी एकटीच ओरडले. ते काळपट डाग, खालच्या बाजूचं मोठं विवर, त्यातून चहूकडे फुटलेल्या रेघा. रेघा मोजता येतात, मामा! मोजून बघा.

सही मागच्या बाजूला, खाली उजवीकडे करा. शाई सांभाळून, पुढे उमटायला नको.

तुमची भाची

२३ जुलै

घाईबाई,

रेघा मोजता येतात म्हणे! मला आधी चंद्राची कडा कुठे संपते तेच सापडेना.

सगळा धुकट आहे. उजेड बाहेर सांडलाय, कडेला पिंजलेल्या कापसासारखं काहीतरी दिसतंय. डाग म्हणतेस ते पुसट पुसट. मी सांगितलेले आकडे तू लावलेच नाहीस. लावले असतेस तर असा आला नसता, आकडे माझे आहेत. किंवा लेन्सवर हॉस्पिटलातलं कुठलं मलम लागलं असेल. किंवा फोकस करताना तुझी नेहमीची घाई. यातलं काय ते तुझं तू शोध.

माझ्या बाजूने खात्री करून घेतली बरं का. टेबलावरचा साठचा बल्ब काढून शंभरचा लावला. हल्ली बल्बसुद्धा भिकार येतात, शंभरचा म्हणून देतात आणि उजेड पंचवीसचा. मामी म्हणते तोही चांगला आहे. तिला स्वयंपाकघरातला दिवासुद्धा चांगलाच दिसतो.

कोपरा कापला आहे.

जग एकूणच बिघडत चाललंय. परवा एका लग्नाच्या अल्बमवरून मुलीचा बाप दुकानात येऊन भांडला. म्हणे सगळे चेहरे काळे आलेत. म्हटलं, मी काय चुना फासू? चेहरे होते तसे आले. पन्नास वर्षांचा घोडा, पण प्रिंट उजेडात कसा धरावा हे कळत नाही आणि आला मला शिकवायला.

मामा

१३ ऑगस्ट

मामा,

आकडे तुमचेच लावले होते. लेन्सवर मलम नव्हतं. फोकस तीनदा तपासला होता. आमच्या विभागातल्या डॉक्टरांना तुम्ही कोपरा कापलेला तो प्रिंट दाखवला, तर ते भिंगातून रेघा मोजत बसले आणि पुढच्या पेशंटला पंधरा मिनिटं ताटकळत ठेवलं. पण ते पडले हाडांचे डॉक्टर. त्यांना काय कळतंय, नाही का?

म्हणून या पौर्णिमेला वादच ठेवला नाही. पाच फोटो पाठवते आहे, मागे एक ते पाच आकडे घातले आहेत. छिद्र अकराचंच. शटर मात्र तीस, साठ, सव्वाशे, अडीचशे आणि पाचशे. पहिला जास्त उजळ आहे हे मलाही दिसतंय. पाचवा मुद्दाम काळाकुट्ट केला आहे, चंद्र आहे की तवा असा प्रश्न पडावा इतका. या पाचांत तुमच्या मनासारखा एकही सापडला नाही, तर मग चूक फोटोत नाही असं मी समजेन.

बाकीच्या कोरी आणि अर्धे चंद्र माझ्याकडे तयार आहेत. पण पूर्ण चंद्र पास झाल्याशिवाय ते पाठवण्यात अर्थ नाही. काकांच्या पायाचं प्लास्टर निघालं. ते काल विचारत होते, "खडूसाची सही आली का?" मी म्हटलं, येतेय. तोंड लपवायला जागा नव्हती मला.

आणि एक. तुमचं अक्षर पत्रागणिक मोठं होत चाललंय. मागच्या पत्रात एका पानावर सात ओळी होत्या, त्याही खाली घसरलेल्या. मी बहिरी नाही, ओरडून लिहू नका.

तुमची भाची

२० ऑगस्ट

घाईबाई,

पाच पाठवलेस. पाचही सारखेच. पाचांतही तोच पसारा, तीच कापसाची कडा. पाचव्याला तू काळाकुट्ट म्हणतेस, मला तो फारतर चौथ्यापेक्षा किंचित मळकट दिसतो. आकडे मागे घातलेस म्हणून कळलं, नाहीतर एकाच निगेटिव्हचे पाच प्रिंट काढून मामाला बनवतेस असंच मी म्हणालो असतो. अजूनही तसं म्हणायला जागा आहे.

पाचांचे पाच कोपरे कापले आणि इथेच ठेवले, परत पाठवायचा टपालखर्च कोण करणार?

मला वाटतं, तुला फोटोग्राफी नको आहे, तुला नाव हवं आहे. माझ्याकडून गेलीस तेव्हाही हेच. "फोटोवर माझं नाव का नाही?" नाव म्हणे! आधी फोटो तरी यायला हवा ना! अर्धवट शिकून बाहेर पडायचं आणि मग मामाच्या सहीवर दुकान थाटायचं. माझी सही म्हणजे हॉस्पिटलची पावती आहे काय, की रांगेत उभं राहिलं की मिळाली?

तुझ्याहून बारा वर्षांनी लहान होतो मी, तेव्हा एकदाच चंद्र काढला. एक फ्रेम, दुसरी नाही. राजधानीतल्या प्रदर्शनात त्याला पहिलं बक्षीस मिळालं. परीक्षक खुर्चीवरून उठून फोटोजवळ आले होते. त्याच्या निगेटिव्हला पुढे बुरशी लागली. एकच प्रिंट निघाला होता, तो तुझ्या आईला लग्नात दिला. त्याच्या पासंगाला पुरेल असा एक काढून दाखव, डोळे मिटून सही करतो.

मामी रुसली आहे. म्हणते, पोरीला फार बोलता तुम्ही. कमीच बोललो.

मामा

२५ ऑगस्ट

मामा,

तुम्ही म्हणता ते सगळं मान्य. शेवटचा एक फोटो पाठवते. हा निवांत बघा, हव्या त्या बल्बखाली बघा. यावर तुम्ही जे म्हणाल ते मी मुकाट्याने ऐकेन आणि पुन्हा चंद्राचं नाव काढणार नाही.

तुमची भाची

१ सप्टेंबर

घाईबाई,

मुकाट्याने ऐकेन म्हणालीस, तर ऐक.

आत्तापर्यंतच्या सगळ्यांत हा भिकार. बाकीच्यांत चूक होती, यात आळस आहे. कागद जुन्या स्टॉकचा वापरलास, कडा पिवळ्या पडल्यात. हाताला जाड लागतो. मागे आणखी एक कोरा कागद चिकटवलास, तो कशाला? पाठ फाटकी होती काय? मामाला पाठवायचा प्रिंट आणि त्याला ठिगळ! गिऱ्हाइकाला असं काही दिलं असतंस तर त्याच दिवशी हाकलली असती.

आता चंद्र. चंद्र कसला, धुक्यात पेटलेला रस्त्यावरचा दिवा. एक्स्पोजर दुपटीने जास्त. डावीकडचे डाग एकमेकांत मिसळलेत. ज्याने हा काढला त्याला चंद्र म्हणजे काय ते ठाऊक नाही आणि प्रिंट म्हणजे काय तेही नाही. स्पष्ट बोलतो, कारण तुझ्या आईनंतर तुला स्पष्ट सांगणारं दुसरं कोणी उरलेलं नाही: तुझ्या हातात ही कला नाही. हाडं काढ. हाडं हलत नाहीत, तक्रार करत नाहीत, पगार वेळेवर मिळतो. छापखानेवाल्याला कळव की मामाने सही दिली नाही.

कोपरा चांगला मोठा कापलाय, पुन्हा मोह व्हायला नको.

मामा

५ सप्टेंबर

मामा,

फोटो पोचला. तो तुम्हाला परत पाठवते आहे. जपून ठेवा, कारण तो तुमचा आहे.

मागचा कोरा कागद मी चिकटवला होता. तो पाण्याने ओला करा आणि हलकेच सोडवा. खाली तुमचं अक्षर आहे, तेव्हाचं, बारीक आणि सरळ. "ताईस, लग्नाची भेट." त्याखाली तारीख आणि तुमची सही. होय, तुमची सही! ती मिळवायला मी तीन महिने नाक घासत होते, आणि ती माझ्या ट्रंकेत आईच्या साडीखाली पडून होती.

राजधानीतलं पहिलं बक्षीस. परीक्षक खुर्चीवरून उठले होते तो हा फोटो. एकच प्रिंट, निगेटिव्ह नाही. धुक्यातला दिवा. ज्याने काढला त्याला चंद्र म्हणजे काय ते ठाऊक नाही. मी तुमचं वाक्य नऊ वेळा वाचलं.

मला वाटलं होतं, तुम्ही पाकीट उघडताच ओळखाल, चिडाल, मग निदान लाजाल. कात्री लावाल हे स्वप्नातसुद्धा आलं नव्हतं. चंद्र सगळ्यांना एकच तोंड दाखवतो, त्यामुळे फसलात म्हणावं, तर चाळीस वर्षं या एका फोटोच्या गोष्टी सांगणारा माणूस तो ओळखत नाही यावर कोण विश्वास ठेवेल? तुम्ही बघितलाच नाहीत. पाकिटावर माझं नाव दिसलं आणि आतला माल वाईट हे ठरलं. गेले तीन महिने हेच चाललंय. मी काढला म्हणून वाईट. मी शिकून बाहेर पडले, तुमच्या शिक्क्याशिवाय जगले, हे तुम्हाला सोसत नाही. त्यापायी आईच्या लग्नातल्या भेटीचा कोपरा कापलात. आई असती तर मी तिला कसं तोंड दाखवलं असतं? मीही काही कमी नाही म्हणा, तुमची जिरवायला तिचाच फोटो पाकिटात घातला. मला माझीही लाज वाटते, पण तुमची जास्त.

छापखानेवाल्या काकांना आज सांगितलं की सही मिळत नाही. ते म्हणाले, मग महिनाअखेर तो नाकडोळेवाला चंद्रच छापायला देतो. रोज सकाळी जिन्यातल्या भिंतीवर तोच बघत कामावर जाईन, वर्षभर.

मला एकाच प्रश्नाचं उत्तर द्या. बाकी काही लिहू नका. खोटं का बोललात?

भाची

२४ सप्टेंबर

पोरी,

मी सांगतोय आणि मामी लिहितेय. शुद्धलेखनाच्या चुका तिच्या. तिने इथे माझ्याकडे रागाने बघितलं असणार, पण ते मला दिसत नसल्याने चालू द्या.

तू केलंस ते हलकट काम होतं. आईचा फोटो असा टपालात टाकतात? पाऊस लागला असता तर? हे सांगून झालं, आता पुढचं.

दुकान बंद केलंय. दहा तारखेपासून. पाटी अजून आहे, पण कुलूप आहे. छापखानेवाल्याला त्याच दिवशी पत्र टाकलं. काय लिहिलं ते तुला अक्षर अन् अक्षर सांगतो, म्हणजे तो उद्या भलतंच काही रंगवून सांगायला नको. "वर्षभरापासून मला नीट दिसत नाही. भाचीचे चंद्र मी ज्या डोळ्यांनी नापास केले, त्याच डोळ्यांनी स्वतःचाही केला. माझी सही मागू नकोस, तिला किंमत राहिलेली नाही. सही मागायची तर तिची माग." त्याचं उत्तर काल आलं. तो म्हणतो, तुझी सही गेली उडत, पोरीला म्हणावं बाराही फोटो तीस तारखेच्या आत घेऊन ये, नाव ठळक अक्षरात छापतो. मला शिव्याही आहेत, दीड पान. मामीने त्या मोठ्यांदा आणि फार आवडीने वाचल्या.

म्हणजे तुझं काम झालं. उगाच रडत बसू नकोस, तारीख गाठ.

डोळ्यांचा डॉक्टर म्हणजे कालचं पोर. म्हणतो दोन्हींत मोतीबिंदू, पिकून बसलेत, इतके दिवस काय करत होतात? म्हटलं, फोटो काढत होतो. तो हसला. मी हसायला सांगितलं नव्हतं. उजव्याचं ऑपरेशन पुढच्या महिन्यात. डाव्याचा आतला पडदाच खराब झालाय, तिथे काही व्हायचं नाही. म्हणजे एक डोळा मिळेल, तोही नशिबात असेल तर. कॅमेऱ्याला एकच लागतो, असं मामी म्हणते. हे तिने स्वतःच्या मनाने लिहिलंय, मी सांगितलेलं नाही.

कळत नव्हतं का? थोडं थोडं कळत होतं. संध्याकाळी सायकलवरून येताना दिव्यांना पिसारे फुटायचे. म्हटलं, धूळ वाढली. वर्तमानपत्र पुसट वाटायचं. म्हटलं, शाई वाचवतात साले. बल्ब बदलले, भिंग बदललं, चष्मा धुऊन धुऊन काच झिजवली. प्रत्येक वेळी जगात काही ना काही खोट निघाली, ती माझ्यात असेल असं काही वाटलं नाही. त्या लग्नाच्या अल्बमवाल्याचे चेहरे मीच काळे केले. मला सगळं जास्त उजळ दिसायचं, म्हणून डार्करूममध्ये प्रत्येक प्रिंटला जास्त वेळ देत गेलो, आणि प्रिंटच्या कागदाला उजेड जितका जास्त तितका तो काळा. वर्षभरात असे किती अल्बम गेले कोण जाणे. निगेटिव्ह सगळ्या कपाटात आहेत. त्या तू येऊन बघायच्या आणि खराब गेलेले पुन्हा छापून द्यायचे. त्या बापाच्या घरी मी जाऊन आलो. दारातच उभा राहून माफी मागितली. त्याने आत बोलावून पाणी दिलं. ते मला जड गेलं.

तुझे ते पाच फोटो मामीसमोर ठेवले. चाळीस वर्षांत तिला फोटोबद्दल कधी विचारलं नव्हतं. म्हटलं, यातला कुठला बरा? तिने लगेच तिसऱ्यावर बोट ठेवलं. का म्हणून विचारलं, तर म्हणाली, "पहिले दोन भगभगीत आहेत, शेवटचे दोन आजारी दिसतात. हा चंद्र आहे." मी मागचा आकडा वाचायला सांगितला, तो निघाला तीन. सव्वाशेचा शटर. आता तिला दुकानात बसवावी म्हणतो. ती म्हणते, पगार किती देणार ते आधी बोला.

आता तुझा प्रश्न.

तुझं पत्र आठ तारखेला आलं. मी कागद ओला करून सोडवला. ताईच्या नावावर बोट फिरवलं, अक्षर बारीक, वाचता आलं नाही, पण कुठे लिहिलं होतं ते ठाऊक होतं. मग फोटो उलटा करून पुन्हा बघितला, शंभरच्या बल्बखाली, भिंग घेऊन, अगदी नाक टेकवून. तरी तो मला वाईटच दिसला. तुला शिव्या दिल्या. म्हटलं, कार्टीने दुसराच फोटो घातलाय, अक्षर माझं उचललंय. एवढी वर्षं मी जो फोटो मनात बघत होतो तो हा नव्हता.

त्या दिवशी पौर्णिमा होती. जेवण टाकून गच्चीवर गेलो. म्हटलं, एकदा खरा बघावा, मग सोक्षमोक्ष. भिंतीला धरून वर पोचलो, मान वर केली. कडा फुटलेली, सगळा उजेड सांडलेला, डाग पुसट. खरं सांगतो, पहिला विचार हाच आला की एक्स्पोजर जास्त झालंय. अर्धं मिनिट मी तिथे उभा राहून मनातल्या मनात त्याच्या चुका काढत होतो, छिद्र किती कमी करायला हवं होतं त्याचा हिशेब मांडत होतो. कोणी काढलाय असा भिकार, म्हणून राग आला. मग लक्षात आलं की हा कोणीच काढलेला नाही.

मी खोटं बोललो नव्हतो, पोरी. मला तसाच दिसत होता.

खालीच बसलो. बऱ्याच वेळाने मामी शोधत वर आली. मी तिला जवळ बसवलं आणि विचारलं, "वर बघ गं. कसा दिसतोय?" तिने वर बघितलं. म्हणाली, "कसा म्हणजे? रोजच्यासारखाच आहे की."

मामा